शब्दाबाहेर नसलेली मुलगी

कृत्तिका बंगळूरला गेली तर आपल्या पदरात काय काय पडणार, हे पद्मजाताई मगदूमांनी जानेवारीतच बोटांवर मोजून ठेवलं होतं. मिरजेहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी मुलीच्या दारात, म्हणजे महिन्यातून एकदा डबा पोचणार. आजारी पडली तर दुसऱ्या दिवशी उशाशी बसता येणार. सणाला घरी येणार. आणि आज ना उद्या, 'वराहमिहिर विद्यापीठात शिकलेली, बंगळूरला स्थायिक' एवढ्या एका ओळीवर त्या असं स्थळ आणून दाखवणार होत्या, की सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या त्यांच्या धंद्यातल्या बायकांनी महिनाभर मान वर करू नये. हॉलंडच्या हाइगेन्स विद्यापीठाच्या बाजूला जमेची एकच गोष्ट होती. कृत्तिकेला तिथं जायचं होतं. पण ती जमा मुलीच्या खात्यात पडत होती, आईच्या नाही.

पद्मजाताई सांगलीच्या विश्रामबागेत वधू-वर सूचक केंद्र चालवत. लग्न जुळवणारी यंत्रं तोवर शेकड्यानं झाली होती. ती पत्रिका जुळवत, रक्तगट जुळवत, घोरण्याची पट्टीसुद्धा जुळवत. तरी लोक पद्मजाताईंकडे येत, कारण माणूस कागदावर कसा मांडावा हे यंत्राला जमत नव्हतं. मुलगा चिक्कू असला तर त्या 'काटकसरी' लिहीत. मुलगी फटकळ असली तर 'मोकळ्या स्वभावाची'. एका गृहस्थांची तीन दुकानं बुडाली होती, त्यांना त्यांनी 'विविध व्यवसायांचा अनुभव' असलेला केला आणि सहा आठवड्यांत उजवला. यात आपण खोटं बोलतो असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. बाजारात ठेवायची द्राक्षं पुसून ठेवतात, एवढंच.

यजमान अजितराव तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांना हवामानाचा सल्ला देत. आणि अठरा वर्षांची कृत्तिका मातीतल्या बुरशीच्या मागं लागली होती. झाडांची मुळं एकमेकांना अन्नपाणी पोचवतात ते बुरशीच्या धाग्यांवरून, हे तिला सातवीत कळलं आणि तेव्हापासून घरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी मातीच्या बरण्या आल्या. बोलणं मोजकं. तीन शब्दांत काम होत असेल तर चौथा ती खर्ची घालत नसे.

दोन्ही विद्यापीठांनी तिला घेतलं होतं. पंधरा मेपर्यंत एकाला होकार द्यायचा होता. आणि त्या वर्षी जे सगळी शहाणी घरं करत, तेच मगदूमांनी केलं. 'द्विपथ'कडे नाव नोंदवलं.

द्विपथ म्हणजे काय, ते अजितरावांनी आपल्या भाषेत समजावलं. उद्याचा पाऊस सांगायचा तर आम्ही गणित एकदाच मांडत नाही, ते म्हणाले. आजची हवा घेतो, तिच्यात केसाएवढा फरक करतो, आणि पन्नास वेळा चालवून बघतो. चाळीस वेळा पाऊस पडला तर सांगतो, औषध फवारू नका, पाऊस येतोय. हे लोक तेच माणसाचं करतात. विद्यापीठांकडे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात: कोण कुणाबरोबर राहिलं, कधी आजारी पडलं, कुठल्या विषयात बुडालं, कोण मध्येच सोडून गेलं. त्यातून यंत्रात एक विद्यापीठ उभं राहतं. मग आपल्या मुलीचं एक प्रतिरूप घडवायचं, त्या विद्यापीठात सोडायचं आणि चार वर्षं हजार वेळा जगवायची. दरवेळी काहीतरी किरकोळ वेगळं. खोलीतली मैत्रीण वेगळी, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप, आवडत्या प्राध्यापकाची बदली. त्या हजार आयुष्यांपैकी जास्तीत जास्त जिथं दाटीनं सापडतात, तिथलं एक उचलून त्याला तिचा आवाज द्यायचा.

"म्हणजे भविष्य कळत नाही," अजितराव म्हणाले. "भविष्याची गर्दी कुठं आहे, ते कळतं."

प्रतिरूप घडवायला कृत्तिकेच्या मनगटावरच्या पट्टीतल्या चार वर्षांच्या नोंदी गेल्या, शाळेच्या गेल्या. स्वतःबद्दलच्या प्रश्नांना तिनं तीन-तीन शब्दांत उत्तरं दिली आणि डायरी द्यायला साफ नकार दिला. उरलेली जागा भरायला घरच्यांसाठी एक फॉर्म होता. प्रश्न तीनशे बारा. कंपनीनं बजावून लिहिलं होतं की याच उत्तरांना सगळ्यांत जास्त वजन आहे. अठरा वर्षांच्या माणसाला स्वतःबद्दल फारसं माहीत नसतं, आणि वेळ आली की ते कुणीकडे झुकतं, हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

अजितराव बागांच्या फेरीवर होते. फॉर्म पद्मजाताईंनी एका दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, केंद्राच्या टेबलावर बसून भरला. रागावल्यावर ती काय करते? 'शांतपणे चर्चा करून मार्ग काढते.' खरं म्हणजे कृत्तिका रागावली की तीन दिवस बोलत नसे आणि खोलीत बसून डब्यातला चिवडा संपवत असे. पण असलं कोण लिहितं? फॉर्म कुणाच्या हातात पडेल, सांगता येतं का? निर्णय कसे घेते? 'वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर नाही.' घरची आठवण येते का? 'कुटुंबवत्सल. घराची ओढ फार.' तीन तासांत काम उरकलं. शेवटी एकदा वाचून बघितलं तेव्हा वाटलं, इतकी गुणी मुलगी केंद्रात आली तर आठवडाभरसुद्धा राहायची नाही.

एप्रिलच्या मध्यावर स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दोन आवाज आले. दोघी बावीस वर्षांच्या, दोघी कृत्तिकेच्याच गळ्यातून बोलणाऱ्या. घरानं त्यांची नावं लगेच पाडली, बंगळूरवाली आणि हॉलंडवाली. पंधरा मेपर्यंत त्यांच्याशी कितीही बोला.

सोबत एक तक्ता होता. बंगळूरच्या हजार आयुष्यांपैकी नऊशे बारा शिक्षण पुरं करून सुखात होती. हॉलंडच्या हजारांपैकी सातशे चौतीस दुसरं वर्ष संपायच्या आत घरी परतली होती.

कृत्तिकेनं तो तक्ता उभ्यानंच दोनदा वाचला. "म्हणजे माझ्यात दम नाही," ती म्हणाली आणि कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून टाकला.

यंत्राला काय कळतंय, असं पद्मजाताई म्हणाल्या खऱ्या. पण सराफानं तोलून दिलेल्या दागिन्याबद्दल 'असेल बाई' म्हणावं, तशा.

मग त्यांचे दिवस मोठे गोडीचे गेले. बंगळूरवालीशी बोलत बोलत भाकऱ्या थापायच्या. ती गुडघ्याची चौकशी करे, तेल लावलंस का विचारे, केंद्रातले किस्से ऐकून पोटभर हसे. खानावळीत सूर्यास्ताआधी जेवायला बसणारी मी एकटीच, असं तिनं सांगितलं तेव्हा पद्मजाताईंना भरून आलं. त्यांच्या जैन घरची ही रीत खऱ्या कृत्तिकेनं नववीत मोडली होती. हॉलंडवालीही गुणाची होती. उन्हाळ्यात तिकडं सूर्य रात्री दहाला मावळतो, त्यामुळं धर्म आपोआप पाळला जायचा, पण हिवाळ्यात साडेचारलाच जेवण आटपायला लागायचं आणि मग रात्रभर भूक, असं ती सांगे. दोघींच्या तोंडी 'आई' हा शब्द दर दोन वाक्यांना येई. खरीच्या तोंडी तो आठवड्यातून दोनदा यायचा, तोही 'आई, माझी बरणी कुणी हलवली?' असा.

एकदा सकाळी बंगळूरवाली काहीतरी रंगात येऊन सांगत होती. कृत्तिका आत आली आणि तिनं काही विचारायला तोंड उघडलं. पद्मजाताईंनी पीठ लागलेला हात वर केला.

"थांब जरा. ती बोलतेय."

कृत्तिका थांबली. पेला बेसिनमध्ये ठेवला आणि निघून गेली. त्या दिवसापासून फ्रिजमधल्या बरण्या एकेक करून कमी व्हायला लागल्या. पद्मजाताईंच्या ते लक्षात आलं, ते जागा मोकळी झाली म्हणून. मे उजाडल्यावर कृत्तिकेनं जाहीर केलं, बंगळूरला जाते. आवाजात राग नव्हता. राग असता तर पद्मजाताईंनी ओळखला असता, चिवड्याचा डबा बघितला असता. हा आवाज त्यांनी तिच्या तोंडी कधी ऐकला नव्हता. केंद्रात मात्र रोज ऐकला होता. चार नकार आल्यावर पाचवं येईल ते स्थळ घेणाऱ्या मुलींचा आवाज.

नऊ मेला, आता निरोपाचेच दिवस म्हणून, त्या हॉलंडवालीशी बोलायला बसल्या. सहज विचारलं, का गं परत आलीस? एवढं मोठं विद्यापीठ टाकून?

"एक विषय राहिला होता, आई. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, ये घरी. मग आले." ती हसली. "मी कधी वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर आहे का?"

पद्मजाताईही हसल्या, आणि हसू तोंडावर असतानाच त्यांना चिखलदरा आठवला.

कृत्तिका दहा वर्षांची असताना चिखलदऱ्याला शाळेच्या शिबिराला गेली होती. तिथं तिला सडकून ताप भरला. बाईंनी घरी फोन लावला. पद्मजाताईंनी गाडी काढायची म्हटल्यावर पोरीनं फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, घ्यायला आलात तर झाडावर चढून बसेन. तापात बसलीही असती. ही मुलगी एका विषयापायी घरी येणार? आणि 'वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर नाही' हे शब्द तिचे कुठले? हे शब्द विश्रामबागेतले होते. केंद्राच्या प्रत्येक माहितीपत्रकात चौथ्या ओळीत ते असायचेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजितराव चहा घेत असताना त्यांनी आडून विचारलं. एका ठिकाणची नोंद चुकली तर बाकीच्या सांभाळून घेत नाहीत का हो?

अजितराव म्हणाले, सावळजला एकानं हवामान केंद्र वीटभट्टीच्या आडोशाला बसवलं होतं. तिथली हवा कायम कोरडी. गणित पन्नास वेळा चालवलं, पन्नासही वेळा निर्वाळा आला की दमटपणा नाही, रोग येत नाही. आठ दिवसांत बागा पिवळ्या पडल्या. "थोडी चूक असती तर निम्मी गणितं भांडली असती, संशय तरी आला असता. मुळात नोंदच खोटी म्हटल्यावर सगळी एकमतानं खोटं बोलली. कुठलं केंद्र बिघडलंय?"

"विश्रामबागचं," पद्मजाताई म्हणाल्या.

अजितरावांनी कप खाली ठेवला. फ्रिजच्या दारावरच्या तक्त्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी मिळवलेलं हे मोठंच शहाणपण होतं.

गप्प बसलं तर काय मिळत होतं, हे पद्मजाताईंना बोटांवर न मोजताही पाठ होतं. डबा, सण, उशाशी बसणं, ती एक ओळ. शिवाय लबाडी ठरवून केलेली नव्हती. हात वळणाचा, हातानं वळणावर लिहिलं. मुलीनं बंगळूर स्वतःच्या तोंडानं स्वीकारलं होतं. कुणी कधी विचारणारही नव्हतं. इतका निर्धोक फायदा त्यांच्या धंद्यात आजवर आला नव्हता. त्या दिवशी केंद्रात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि दोघांची नावं त्यांना संध्याकाळी आठवेनात.

कृत्तिका मागच्या गॅलरीत शेवटच्या बरण्या धूत होती. हाइगेन्सला नकार लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचाय, असं तिनं मान वर न करता सांगितलं.

"पाठवू नकोस," पद्मजाताई म्हणाल्या. आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. फॉर्म, दुपार, चौथी ओळ.

कृत्तिकेनं बरणीतलं पाणी ओतून दिलं.

"तीनशे बारापैकी किती?"

"मोजले नाहीत."

"तू? न मोजता?"

"दोनशे तरी असतील."

"नवीन भरून परत चालवता येईल?"

"विचारलं मी. तीन आठवडे लागतात."

हाताशी पाच दिवस होते. दरवर्षी भाद्रपदात पर्युषण पर्व संपलं की पद्मजाताई चारशे गिऱ्हाइकांना एकच संदेश पाठवत: कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. चारशेंपैकी एकाचंही मन आपण नेमकं कधी दुखावलं, हे आठवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"उत्तम क्षमा, कृत्तिका."

"भाद्रपदाला अजून चार महिने आहेत, आई," ती म्हणाली आणि बरण्या घेऊन खोलीत गेली.

तीन दिवस दार बंद. चिवड्याचा डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला. पद्मजाताईंनी गुपचूप भरून ठेवला, तोही निम्मा झाला, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. ही मुलगी ओळखीची होती.

तेरा मेच्या दुपारी कृत्तिका केंद्रात आली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. हातात कोरा फॉर्म होता. यंत्र आता चालणार नाही, हे पद्मजाताईंनी तिला पुन्हा सांगितलं.

"यंत्रासाठी नाही. मला ऐकायचंय. लिहू नकोस, बोल." तिनं पहिलं पान उलटलं. "रागावल्यावर ती काय करते?"

"चिवडा खाते."

कृत्तिकेनं हसू दाबलं. "घरापासून लांब असताना?"

"फोन करत नाही. मी केला तर 'हं' म्हणते."

"कुणाचं ऐकते?"

पद्मजाताईंनी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, लावलं. "कुणाचं नाही. आठवीत एकदा माझं ऐकलंस. चित्रं सोडलीस. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून मी म्हटलं होतं. पुढं त्या वेळात तू काहीच केलं नाहीस, गच्चीवर बसून राहायचीस. परत असं ऐकू नये, असं मला तेव्हाच वाटलं होतं. बोलले नाही."

बाहेर कुणी दार ढकललं. पद्मजाताईंनी आतूनच सांगितलं, आज केंद्र बंद आहे. चौदा वर्षांत हे पहिल्यांदा.

"रडते तेव्हा?" कृत्तिकेनं विचारलं.

"माझ्यासमोर रडत नाही. आजोबा गेले तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडलीस. नळ पाऊण तास चालू होता."

"तुला काय माहीत?"

"बाहेर उभी होते."

कृत्तिकेनं पान उलटलं. मग एकेक करत ती पुढं गेली. काही उत्तरांवर दोघी भांडल्या, सतराव्यावर तर कडाक्याचं. जिथं पद्मजाताईंना माहीत नव्हतं तिथं त्यांनी माहीत नाही असं सांगितलं, आणि अशा जागा त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ निघाल्या. तीनशे बारावा प्रश्न आला तेव्हा ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

"अडचण आली तर ती घरी परतेल का?"

"नाही."

"नक्की?"

"तू झाडावर चढून बसशील."

कृत्तिकेनं फॉर्मची घडी घातली. "आणि तुला काय हवंय?"

"हा प्रश्न त्यात नाही."

"मी विचारतेय."

पद्मजाताईंच्या जिभेवर एक गुळगुळीत वाक्य तयार होतं: मुलांच्या सुखातच आपलं सुख. ते त्यांनी हजार वेळा वापरलं होतं. "बंगळूर," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं," कृत्तिका म्हणाली, आणि टेबलावरचा त्यांचा हात तिनं एकदा दाबला, खिडकी नीट लागलीय का बघावी तसा. "तिकडं टिकेन का, सांगता येत नाही. पण नाही टिकले तर ते माझ्या गुणांनी असेल. तू लिहिलेल्या नाही."

संध्याकाळी हाइगेन्सला होकार गेला. वराहमिहिरची जागा अकरा मिनिटांत प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाला मिळाली.

पंधरा तारखेला पाचच्या ठोक्याला आवाज बंद होणार होते. पावणेपाचला पद्मजाताई स्वयंपाकघरात एकट्याच जाऊन बसल्या. बंगळूरवालीनं विचारलं, आई, गुडघ्याला तेल लावलंस का? त्यांनी हो म्हणून सांगितलं. खोटं होतं. या लेकीला खरं सांगायचं काही कारण नव्हतं. ती तशाच शब्दांची बनली होती. मग ती केंद्रातला नवा किस्सा सांग म्हणाली, आणि त्या सांगत राहिल्या, आणि किस्सा अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. उरलेला किस्सा पद्मजाताईंनी कुणाला सांगितला नाही.

ऑगस्टात कृत्तिका गेली. केंद्राच्या माहितीपत्रकातली चौथी ओळ पद्मजाताईंनी काढून टाकली. दोन-तीन आयांनी तक्रार केली की मुलीच्या वर्णनात काहीतरी कमी वाटतंय. काय ते त्यांना सांगता आलं नाही. भाद्रपदात चारशे जणांना संदेश गेला. हॉलंडला तो न पाठवता फोन केला. पलीकडून 'हं' आलं, आणि जरा वेळानं, "उत्तम क्षमा, आई. मीसुद्धा." जानेवारीत एक दिवस सकाळीच संदेश आला: 'एक विषय राहिला. घ्यायला येऊ नका.' पद्मजाताईंनी तो अजितरावांना वाचून दाखवला. तुझा अंदाज जुळला, असं ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

फेब्रुवारीत द्विपथचा फॉर्म आला. प्रश्न नऊच होते. निर्णयानं आपल्या घरात काय बदललं, हे कंपनीला पुढच्या गणितांसाठी हवं होतं. पद्मजाताई दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, टेबलावर तो भरायला बसल्या. विद्यार्थी आनंदात आहे का? 'विचारलं तर हं म्हणते. फ्रिजमध्ये मातीच्या बरण्या ठेवल्या म्हणून खोलीतल्या मुलीशी भांडण झालं आहे. म्हणजे आहे.' निर्णयाची तोशीस कुणाला पडली? इथं खुणा करायला चार चौकटी होत्या: विद्यार्थी, आई, वडील, कुणालाही नाही. केंद्राच्या वळणानं हात शेवटच्या चौकटीकडे निघालाही होता. तो त्यांनी मागं घेतला.

सातवा प्रश्न होता, आपलं बोलणं किती वेळा होतं? त्यांनी फोनमधल्या नोंदी उघडल्या, खात्री करून घेतली आणि लिहिलं, 'अकरा दिवसांतून एकदा. चार मिनिटं.' मग वर जाऊन दुसऱ्या चौकटीत, 'आई'पुढं, खूण केली.